मागच्या झिलीचा इतिहास : गायक तुकडोजी महाराज आणि त्यांची भजनमंडळी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांवर मराठीत उदंड लेखन झाले आहे. संत, समाजसुधारक, ग्रामगीताकार, स्वातंत्र्यलढ्यातले सत्याग्रही अशा अनेक अंगांनी त्यांची चरित्रे लिहिली गेली. त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले आहे, विदर्भातल्या हजारो घरांच्या भिंतींवर त्यांची तसबीर आहे. तरीही या सगळ्या कर्तृत्वाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेतून बरीचशी सुटली आहे, असे मला वाटते. महाराज आधी गायक होते. लोक त्यांच्याकडे आले ते गाणे ऐकायला. उपदेश त्यांनी नंतर ऐकला, आणि तोही गाण्यातूनच.

या लेखात मला या गायकाचा विचार करायचा आहे. त्याचबरोबर त्यांच्या मागे बसून ध्रुपद धरणाऱ्या मंडळींचाही. कीर्तनकाराच्या किंवा शाहिराच्या मागे उभे राहून पालुपद उचलणाऱ्याला आपल्याकडे झीलकरी म्हणतात. इतिहासात पुढच्याचे नाव राहते आणि झीलकरी विसरले जातात. पण समूहगायनाच्या कोणत्याही परंपरेत खरी ताकद झिलीची असते. पुढचा थांबला तरी मागचे गाणे पुढे नेतात. तुकडोजी महाराजांच्या बाबतीत तर हे १९४२ साली सरकारी दप्तराने एका परीने मान्यच केले, ते कसे हे पुढे येईलच.

मी पोंभुर्णा तालुक्यात राहतो. चंद्रपूर जिल्ह्याचा हा भाग म्हणजे धानाचा आणि जंगलाचा मुलूख. पलीकडे गडचिरोली, वर भंडारा-गोंदिया. या साऱ्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान कापणीला आले की गावोगावी मंडई भरते. दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी नाटके हा इथला हंगाम. रात्र जागवून गाणे ऐकण्याची सवय या लोकांना महाराजांनी लावलेली नाही. ती आधीपासूनच होती. महाराजांनी त्या जागरणाला वेगळे काम दिले. इथल्या भजनमंडळांत मी गेली काही वर्षे बसतो आहे, त्यांच्या हस्तलिखित वह्या चाळतो आहे. त्या ऐकण्यातून आणि चाळण्यातून पुढची मांडणी उभी राहिली आहे.

खंजिरी हे वाद्य

आधी वाद्याकडे पाहू. खंजिरी म्हणजे एका बाजूने कातडे ताणलेले लहानसे लाकडी कडे. कड्याला खाचा पाडून त्यांत धातूच्या चकत्या बसवलेल्या असतात. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि आता बकऱ्याचे कातडे किंवा कृत्रिम पडदा वापरतात. एका हाताने धरायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवायची. किंमत थोडी, वजन त्याहून थोडे. पिशवीत टाकून माणूस दहा कोस पायी चालू शकतो.

या साधेपणाचा गाण्यावर परिणाम होतो. पखवाज किंवा तबला वाजवणारा गाणाऱ्यापासून वेगळा असतो, त्यामुळे गाणाऱ्याला लयीसाठी त्याच्याकडे पाहावे लागते. खंजिरीवाल्याची लय त्याच्याच हातात असते. त्याला वाटले तिथे तो थांबतो, बोलायला लागतो, बोलता बोलता बोटांनी हलकी थाप चालू ठेवतो आणि वाक्य संपताच जोरदार ठोका देऊन पुन्हा ध्रुपदावर येतो. बोलणे आणि गाणे यांच्यातला सांधा ऐकणाऱ्याला जाणवत नाही. महाराजांची सारी मांडणी या सांध्यावर उभी होती. त्यांच्या आवाजातली मुद्रणे आज ऐकायला मिळतात. पहाडी, खुला, वरच्या पट्टीत सहज जाणारा तो आवाज आहे. त्यात बैठकीच्या गाण्याची नजाकत नाही आणि तिची गरजही नव्हती. ध्वनिक्षेपक नसलेल्या गावच्या चौकात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत शब्द पोचला पाहिजे, ही त्या आवाजाची अट होती.

मागे पेटी, तबला किंवा ढोलकी, टाळ आणि आठ-दहा जणांचा गळा. पुढच्याने ओळ टाकायची, मागच्यांनी ती उचलायची. दुसऱ्यांदा म्हणताना श्रोत्यांपैकी काही जण मिसळतात, तिसऱ्यांदा सगळे. चौथ्या वेळी ती ओळ पुढच्याची राहत नाही.

माणिकचा तुकड्या

महाराजांचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. नाव माणिक, वडील बंडोजी इंगळे, आई मंजुळाबाई. घरची गरिबी, उपजीविका शिवणकामावर. शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. ‘तुकड्या’ हे नाव आडकोजींनी दिले आणि पुढे महाराजांनी आपल्या पदांच्या शेवटी ‘तुकड्यादास’ अशी मुद्रा घातली. भिक्षेच्या तुकड्यावर वाढलेल्या मुलाने तेच नाव कवी म्हणून मिरवावे, यात जी ऐट आहे ती वारकरी परंपरेला अनोळखी नाही.

किशोरवयात घर सोडून ते रामदेगीच्या जंगलात आले. रामदेगी आणि गोंदोडा ही दोन्ही ठिकाणे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, चिमूर तालुक्यात आहेत. रामदेगी तर ताडोबाच्या जंगलाला लागूनच. भक्तमंडळी या काळाकडे तपश्चर्येचा काळ म्हणून पाहतात, गोंदोड्याला तपोभूमी म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. पण संगीताच्या अंगाने पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गायकाला ज्या वयात कंठ फुटतो, ते वय त्यांनी झाडीत काढले. इथल्या गावांत त्यांनी गायला सुरुवात केली आणि इथल्याच माणसांनी त्यांची पहिली झील धरली. जन्म वऱ्हाडात झाला असला तरी गायक म्हणून ते झाडीचे आहेत, असे मी म्हणतो ते या अर्थाने.

१९३५ मध्ये सालबर्डीच्या महायज्ञाने त्यांचे नाव दूरवर गेले. त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यात मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ मध्ये गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला गेले आणि सुमारे महिनाभर तिथे राहिले. गांधीजींच्या प्रार्थनासभेत सामूहिक गायनाला केवढे स्थान होते हे सर्वश्रुत आहे. तिथली प्रार्थना शांत, संथ आणि वेळेला बांधलेली असे. महाराजांची खंजिरी मोकळी, घाम काढणारी. पुढे त्यांनी जी सामुदायिक प्रार्थना गावोगावी रुजवली तिच्यात या दोन्हींचा मेळ दिसतो. वेळ, शिस्त, रांगेत बसणे हे सेवाग्रामशी जुळणारे, गळा गावचा.

भाषेचा प्रश्न

महाराजांनी मराठीत लिहिले तसे हिंदीतही विपुल लिहिले. ‘लहर की बरखा’ हा त्यांचा हिंदी भजनांचा संग्रह प्रसिद्ध आहे. मराठी मुलखातल्या संताने इतके हिंदी का लिहावे, असा प्रश्न पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला पडू शकतो. त्याचे उत्तर भूगोलात आहे. तेव्हा चांदा, नागपूर, वर्धा, भंडारा हे जिल्हे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते. जबलपूर, रायपूर, बिलासपूर हेही त्याच प्रांतात आणि राजधानी नागपूर. आठवड्याच्या बाजारात, रेल्वेत, कचेरीत, कोळशाच्या खाणीवर दोन्ही भाषा एकत्र नांदत. १९५६ पर्यंत ही स्थिती होती. चांद्याच्या माणसाला हिंदी परकी नव्हती, जरा मोठ्या जगाची वाटत असे, इतकेच. महाराजांची हिंदी पुस्तकी नाही. तिचा सांगाडा हिंदीचा आणि श्वास वैदर्भीय आहे, म्हणून ती इथल्या झीलकऱ्यांच्या तोंडात लगेच बसली.

चालींच्या बाबतीतही त्यांनी सोवळे पाळले नाही. त्यांच्या भजनसंग्रहांत पदाच्या डोक्यावर ‘तर्ज’ किंवा ‘चाल’ म्हणून लोकांना आधीच ठाऊक असलेल्या गाण्याचा उल्लेख असतो. याचा हिशेब सरळ आहे. नवी चाल शिकवायला चार दिवस लागतात, ओळखीच्या चालीवर नवे शब्द एका रात्रीत बसतात. ज्याला एका मुक्कामात गाव बांधायचे आहे, तो दुसरा मार्ग धरतो.

चिमूर, १९४२

आता त्या पावसाळ्याकडे येऊ. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह नेत्यांना अटक झाली. या सुमारास चांदा जिल्ह्यात महाराजांची भजने गाजत होती. झाडे आणि दगड हीच आमची शस्त्रे होतील आणि भक्तांचीच सेना होईल, अशा आशयाचे त्यांचे हिंदी भजन तेव्हा तोंडोतोंडी झाले होते. चिमूरचा लढा आणि हे भजन यांची सांगड आजही लोकस्मृतीत पक्की आहे.

१६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरमध्ये सकाळी प्रभातफेरी निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर हुतात्मा झाला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांवर हल्ला केला आणि त्यात उपविभागीय अधिकारी डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि एक शिपाई असे चौघे मारले गेले. तीन दिवसांनी, १९ तारखेला, लष्कर गावात आले. घरे लुटली गेली, पुरुषांना पकडून नेण्यात आले, स्त्रियांवर अत्याचार झाले. त्या अत्याचारांच्या चौकशीसाठी सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. ते १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी या दोन्ही ठिकाणच्या खटल्यांत अनेकांना फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनी केलेली खटपट विदर्भ विसरलेला नाही.

तुकडोजी महाराजांना २८ ऑगस्ट १९४२ रोजी चंद्रपूर येथे, म्हणजे तेव्हाच्या चांद्यात, अटक झाली. आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. २ डिसेंबरला ते सुटले. सुमारे शंभर दिवसांचा हा तुरुंगवास. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, कोणत्या पक्षाचे पद नव्हते. होती ती खंजिरी. सरकारने एका गायकाला त्याच्या गाण्यासाठी धोकादायक ठरवले.

इथे इतिहासकाराला एका अवघड प्रश्नाला तोंड द्यावे लागते. चिमूरच्या रक्तपाताला ते गाणे कारणीभूत होते का? सरकारच्या संशयाची दिशा उघड आहे. दुसऱ्या बाजूला, आपल्या महाराजांच्या भजनाने चिमूर पेटले असे भक्तमंडळी अभिमानाने सांगतात. दोघांचे म्हणणे एकच, फक्त एकाच्या दृष्टीने तो गुन्हा आणि दुसऱ्याच्या दृष्टीने पराक्रम. पण गांधीजींच्या आश्रमात राहून आलेल्या या माणसाने मारण्याचा उपदेश केला होता असे त्यांच्या एकूण लेखनावरून कोणी म्हणू शकणार नाही. मग दोन्ही बाजूंचा समज कुठून आला?

माझे उत्तर असे. त्या भजनातल्या शब्दांपेक्षा भजन म्हणण्याच्या रीतीने चिमूरमध्ये जास्त काम केले. एखादे गाव वर्षानुवर्षे रात्री एकत्र बसते, एकाने टाकलेली ओळ शंभर गळ्यांनी उचलते, पहाटे उठून रांगेने फेरी काढते, तेव्हा त्या गावाला एक सवय लागते. एकाच्या हाकेला सर्वांनी मिळून ओ देण्याची ही सवय आहे. प्रभातफेरी हे तिचेच रूप. चिमूरचे लोक १६ तारखेला सकाळी गातच निघाले होते. दगड उचलले गेले ते गोळी चालल्यानंतर, पोर पडल्यानंतर. गाण्याने माणसे जमवली; जमलेल्या माणसांचे पुढे काय व्हायचे ते बंदुकीने ठरवले. हा फरक न केल्यास गायकावर आपण एक तर खुनाचा आरोप करतो किंवा युद्धाचा मुकुट चढवतो, आणि दोन्ही त्याच्या मापाचे नाहीत.

महाराज तुरुंगात असताना झाडीतली भजने बंद पडली नाहीत, ही गोष्टही यासोबत पाहायला हवी. पुढच्याला उचलून नेले तरी झील गावातच होती.

सातासमुद्रापलीकडची झील

अशा गाण्याला जगात भावंडे आहेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पुढच्याने हाक घालायची आणि मंडळीने ओ द्यायची ही रीत गुलामगिरीच्या काळापासून चालत आली. त्यातून चार-पाच जणांचे गळे एकत्र बांधणारे गॉस्पेल गटगायन निर्माण झाले आणि १९५० नंतर त्यातूनच ‘सोल’ नावाचे संगीत पुढे आले. ‘सोल’ म्हणजे आत्मा. नावातच त्याचे कूळ आले. सॅम कुक हा गायक ‘सोल स्टरर्स’ या भजनी गटाचा मुख्य आवाज होता. १९५७ मध्ये तो चर्चचे गाणे सोडून लौकिक गाण्याकडे गेला तेव्हा देवाचा आवाज बाजारात गेला म्हणून त्याच्याच लोकांनी हळहळ केली. त्याच सॅम कुकने १९६४ साली, बदल येणारच असे सांगणारे गाणे दिले आणि ते नागरी हक्कांच्या चळवळीचे गाणे झाले. बाप आणि लेकरे मिळून गाणारा ‘स्टेपल सिंगर्स’ हा गट मार्टिन ल्यूथर किंग यांच्या सभांशी जोडला गेला. माँटगोमेरीच्या बस बहिष्काराच्या दिवसांत चर्चमध्ये सभा भरत आणि भाषणाआधी गाणे होई. ऑगस्ट १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्चात महालिया जॅक्सन गायली.

तिकडच्या आणि इकडच्या वाटांत एक ठळक फरक आहे. सोलचे गायक देवळाच्या दारातून बाहेर पडून रंगमंचावर गेले. चाल भजनाची राहिली, शब्द प्रेमाचे, विरहाचे, हक्काचे झाले. तुकडोजी महाराज देवळातून बाहेर पडले नाहीत. त्यांनी बाहेरचे जग भजनात आणले. गावचे उकिरडे, दारूचे गुत्ते, हुंडा, शिवाशिव, शेणखताचा खड्डा, मुलींची शाळा असले विषय त्यांनी ध्रुपदात बसवले. कंपोस्ट खतावर भजन होऊ शकते हे आज ऐकून शहरी माणूस हसेल. पण ज्याला वाचता येत नाही त्या शेतकऱ्याला माहिती पोचवण्याचा दुसरा कोणता मार्ग तेव्हा होता? झिलीवर बसलेली गोष्ट तो विसरत नसे, कारण ती त्याने स्वतः दहा वेळा म्हटलेली असे.

बाजाराच्या बाबतीतही फरक आहे. सोलच्या गटांना ध्वनिमुद्रिकांच्या कंपन्या मिळाल्या. त्यांच्याबरोबर नाव, पैसा आणि फसवणूक हे तिन्ही आले. खंजिरी भजनाची वही हाताने नकलून गावोगाव गेली. त्यामुळे कोणी झीलकरी श्रीमंत झाला नाही, पण गाणे मालकीचेही झाले नाही.

मंचावरचा काळ

स्वातंत्र्यानंतर गायक म्हणून महाराजांचे क्षेत्र वाढले. राष्ट्रपती भवनात त्यांचे खंजिरी भजन झाले आणि डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हटले. १९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म परिषदेत त्यांनी खंजिरी वाजवली. १९५६ मध्ये भारत साधू समाजाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. विनोबांच्या भूदान यात्रेसाठी त्यांनी गावे जागवली. १९६२ च्या चीन युद्धात आणि १९६५ च्या पाकिस्तान युद्धात सीमेवर जाऊन जवानांपुढे भजने म्हटली. १९६४ मध्ये मुंबईत सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषद स्थापन झाली तेव्हाच्या संस्थापकांतही त्यांचे नाव येते. एकच माणूस सेवाग्रामलाही होता आणि इथेही, म्हणून आज प्रत्येक विचाराची मंडळी त्यांना आपले म्हणतात. प्रत्येक जण त्यांच्या आयुष्यातले सोयीचे पान उघडतो.

या काळातली त्यांची सर्वांत टिकाऊ निर्मिती म्हणजे ‘ग्रामगीता’. ४१ अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ गावाची स्वच्छता, आरोग्य, शेती, संघटन, स्त्रियांची उन्नती यांविषयी बोलतो. साहित्यशास्त्राच्या कसोट्या लावून कोणी त्याला सपाट म्हणेल. पण तो डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेला नाही. आमच्याकडे तो एकाने म्हणायचा आणि दहांनी ऐकायचा ग्रंथ आहे. मोठ्याने म्हटल्यावर त्यातल्या थांबण्याच्या जागा कळतात, त्या खंजिरीच्या थापेच्या जागा आहेत. आयुष्यभर गाऊन झालेल्या माणसाने लिहिलेला तो ग्रंथ आहे, हे लक्षात ठेवून तो वाचला पाहिजे.

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्य यांनी ग्रामगीतेतल्या गावाचा प्रयोग करण्यात आयुष्य घातले. त्यांना मी या परंपरेतला मोठा झीलकरी समजतो. पुढच्याने टाकलेली ओळ त्यांनी कृतीने उचलली.

झिलीत कोण, बाहेर कोण

हा सगळा इतिहास गौरवाचाच आहे असे मानून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भजनाला बसलेल्या वर्तुळात सगळे एका सुरात म्हणतात. पण भजन संपल्यावर कोण कोणाच्या घरचे पाणी पितो हा प्रश्न उरतोच. महाराजांनी अस्पृश्यतेवर कडक शब्दांत टीका केली, देवळे सर्वांना खुली व्हावीत म्हणून प्रयत्न केले. तरी गावांचा वेग त्यांच्या खंजिरीच्या वेगाने बदलला नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी. त्यानंतर या जिल्ह्यातल्या वस्त्यावस्त्यांत बुद्ध-भीमगीतांच्या गायनपार्ट्या उभ्या राहिल्या. तिथेही पेटी, ढोलकी, पुढचा आवाज आणि मागची झील. पोंभुर्ण्याच्या आसपासच्या काही गावांत मी एका टोकाला खंजिरी भजन आणि दुसऱ्या टोकाला भीमगीत एकाच रात्री ऐकले आहे. एकात मनधरणी आहे, दुसऱ्यात दावा. अमेरिकेतल्या सोलची जी धग आहे, तिच्याशी दुसऱ्या प्रकारचे नाते अधिक जवळचे आहे, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना वर्तुळात बाजूला बसवले जात होते त्यांनी स्वतःचे वर्तुळ केले, तेव्हा गाण्याला नवी धार आली. महाराजांचे मोठेपण कमी न करता ही मर्यादा सांगता येते. गाणे लोकांना एकत्र बसवू शकते. बसण्याच्या जागा मात्र गाण्याबाहेर ठरतात आणि त्यांच्यासाठी वेगळे भांडण करावे लागते.

आजची मंडळे

११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांचे देहावसान झाले. नागपूर विद्यापीठाला २००५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले. पुढे २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ वेगळे झाले, आणि ज्या झाडीत ते गायक झाले तो मुलूख त्यांच्या नावाच्या विद्यापीठाबाहेर गेला. खंजिरी मात्र थांबली नाही. सत्यपाल महाराजांनी एका वेळी सात खंजिऱ्या वाजवून अंधश्रद्धा आणि व्यसनांविरुद्ध प्रबोधन चालवले. गावोगावच्या खंजिरी भजन स्पर्धांत महिलांची मंडळे मोठ्या संख्येने उतरतात. पूर्वी मागे बसून टाळ वाजवणाऱ्या बाया आता पुढे उभ्या राहून खंजिरी वाजवतात, हा बदल मला या सगळ्यात मोलाचा वाटतो.

पण जुनी मंडळे विरळ होत चालली आहेत. हंगामात तरुण मुले मिरची तोडायला तेलंगणाकडे जातात, उरलेली शहरात. ध्वनिक्षेपक आल्यापासून पुढच्याचा आवाज इतका मोठा झाला की मागच्याची गरज वाटेनाशी झाली. स्पर्धेत परीक्षक मुख्य गायकाला गुण देतात, झील सुरात आहे की नाही इकडे थोडेच लक्ष जाते. मी ज्या वह्या पाहिल्या त्यांतल्या कित्येकांना वाळवी लागली आहे. त्यांत महाराजांच्या भजनांबरोबर गावच्या कोण्या झीलकऱ्याने जोडलेली कडवी आहेत: आपल्या तलावाविषयी, एखाद्या दुष्काळाविषयी, सावकाराविषयी. ही कडवी कोणत्याही छापील संग्रहात नाहीत. ती म्हणणारी माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत.

विद्यापीठांनी आणि गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांनी ठरवले तर हे काम दोन-तीन वर्षांत होण्यासारखे आहे. प्रत्येक तालुक्यात जुन्या मंडळांची यादी करावी, वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, मुख्य गायकासह मागच्या प्रत्येकाचे नाव लिहून ध्वनिमुद्रण करावे. मागच्याचे नाव लिहिणे ही यातली मुख्य अट आहे.

दर वर्षी अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास गुरुकुंज मोझरीला पुण्यतिथी महोत्सव असतो. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक आहेत तिथे थांबून मौन पाळतात. आमच्या गावांतही त्या मिनिटाला बैलगाडी थांबते, किराणा दुकानातला तराजू थांबतो. एका गायकाला मौनाने वंदन करण्याची ही रीत मला नेहमी विचारात पाडते. मौन संपल्यावर पहिली ओळ कोणीतरी टाकावी लागते, आणि ती उचलायला मागे माणसे असावी लागतात. ती आहेत तोवर त्यांची नावे लिहून घेऊ या.